डायपरच्या बॅगेतला कॅमेरा

सोमवार, ११. सकाळी
कॅमेरा घरात नाही. बायकोने दुजोरा दिला. कपाट, माळा, पलंगाखाली, सगळीकडे तिनेच पाहिलं. मी देखरेख केली.
घाबरलेलो नाही. कॅमेरा, दोन्ही लेन्स आणि फ्लॅश मी मुद्दाम लेकीच्या जुन्या डायपरच्या बॅगेत ठेवले होते. महागड्या बॅगेवर चोराची नजर जाते. दुधाचे डाग पडलेल्या बॅगेकडे कोण बघतंय? युक्ती घरातही कुणाला सांगितलेली नाही. ठेवला कुठे होता, असं बायकोने विचारलं. म्हटलं, सुरक्षित जागी. मग तिथेच असेल की, म्हणाली.
रविवारी साहेबांच्या निवृत्तीचा समारंभ. ऑफिसने ठरवलेला फोटोग्राफर रद्द झाला आहे, कारण फोटो मी काढणार. (आग्रह माझाच.) हातात अख्खा आठवडा आहे.

मंगळवार, १२
तपास सुरू. संशय वरच्या मजल्यावरच्या काकांवर. मागे एकदा त्यांनी लेन्सची किंमत विचारली होती. जिन्यात गाठून सहज म्हटलं, काका, हल्ली फोटोबिटो काढता का? म्हणाले, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला तुझं तोंडही नीट दिसत नाही, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.
उत्तर टाळाटाळीचं वाटलं.

बुधवार, १३
तपास स्थगित. कंबर धरली आहे. गेल्या रविवारी मेव्हणीच्या बाळासाठी आमच्या लेकीच्या जुन्या सामानाचा खोका दोन जिने चढवून पोचवला, त्याचं हे फळ. बायकांना सामान भरता येत नाही. झबल्यांचा खोका कधी एवढा जड असतो? तिथे तसं बोलूनही दाखवलं. मेव्हणीला, साडूला आणि त्यांच्या शेजाऱ्यांना.
साहेबांनी विचारलं, तयारी कुठवर? म्हटलं, एकदम जय्यत. गेल्या वर्षीच्या फोटोत त्यांचं डोकं आलं नव्हतं, तो विषय त्यांनी पुन्हा काढला. कलेची समज कमी.

गुरुवार, १४. संध्याकाळी
कॅमेरा सापडला!
मेव्हणीचा फोन आला. दाजी, बाळासाठी एवढं मोठं प्रेझेंट, आणि तेही जुन्या बॅगेत लपवून! चेन उघडली आणि मी रडलेच, म्हणाली. मग साडूने फोन घेतला. म्हणाला, तुम्ही चिक्कू आहात असं सगळे म्हणायचे, आज एकेकाला फोन करून तोंड बंद केलं.
मी म्हटलं, छे छे, त्यात काय एवढं. असं का म्हटलं, कळत नाही. कंबरेमुळे असावं.
बायको हसून हसून खाली बसली. म्हणाली, चोर सापडला म्हणायचा. दोन जिने चढून गेलेला.

शुक्रवार, १५
निर्धार: स्पष्ट बोलायचं. गैरसमज झाला, वस्तू परत द्या. गरज पडली तर आवाज चढवायचा.
गेलो. बाळ माझ्याकडे बघून हसलं, तिथेच पहिलं वाक्य गेलं. कॅमेरा मिळाल्यावर लगेच चार्ज करायचा म्हणून चार्जर खिशात ठेवला होता. मेव्हणीला वायर दिसली. नवऱ्याला हाक मारून म्हणाली, अहो, बघा, चार्जर राहिला होता, तोही दाजी आठवणीने घेऊन आले!
चार्जर देऊन आलो.
मात्र निघताना धीर करून म्हटलं, रविवारपुरता जरा... ती म्हणाली, हक्काने मागा की! मग तिने स्वतः काढलेले फोटो दाखवले. जांभई देणारं बाळ. साडू चक्क देखणा. कॅमेरा चांगला आहे, हे मी पहिल्यापासून सांगत होतो. साहेबांना भरवसा वाटावा म्हणून दोन फोटो पाठवून दिले. खाली लिहिलं, माझ्या कॅमेऱ्यातून. यात खोटं काही नाही.

शनिवार, १६. दुपारी
साहेबांचा फोन. म्हणाले, हे तू काढलेले नाहीत. यात माणसांना डोकी आहेत. ज्याने काढले, त्याला बोलाव.
मेव्हणी एका पायावर तयार. बाळाला कोण बघणार एवढाच प्रश्न होता. तो बायकोने, मी तोंड उघडायच्या आत, सोडवला.
उद्या सकाळी दहाला हॉलवर. फोटो मेव्हणी काढेल, फ्लॅश साडू धरेल. बाळ आणि ती जुनी बॅग माझ्याकडे. एकूण जबाबदारी मोठी आहे. बॅगेत या वेळी डायपरच आहेत. मेव्हणीने उघडून दाखवले. बदलायचा कसा, ते बायको रात्री शिकवणार आहे. लेकीच्या वेळी मला ऑफिसातून सवड झाली नव्हती.
साहेब भाषणाला उभे राहतील त्या सुमारास पहिला डायपर लागेल, असा मेव्हणीचा अंदाज आहे.