त्याच किल्लीवर

३ नोव्हेंबर, घाटंजी

पोचले एकदाची. दारव्ह्याहून निघताना आईनं इतक्या पिशव्या दिल्या की कंडक्टरनं विचारलं, लग्नाले चालल्या काय? नोकरीला चालले म्हटलं तर त्याला पटेना. रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांतून उडालेला कापूस लटकला होता.

लखन स्टँडवर उभाच होता. कॉलेजात माझ्या वह्या उतरवून पास झालेला हा माणूस आता मला पगार देणार, यावरून चहा संपेपर्यंत त्याला छळलं. बंद पडलेल्या बियाण्याच्या दुकानावरची खोली माझी. मागच्या घरात तो आणि त्याची आई रुक्माबाई. तो तिला याडी म्हणतो, मी काकू. काकूंनी भाकर, ठेचा वाढला आणि मी किती वाळले म्हणून दोन शब्द सुनावलेही. आवाज असा खणखणीत की खालून हाक मारली तर वरचा पत्रा थरथरावा.

काम मनासारखं आहे. तांड्यातांड्यांतल्या बंजारा बायांची गाणी रेकॉर्ड करायची आणि आपल्याच सर्व्हरवर जपायची. लखन म्हणाला, आपल्या बायांचे आवाज दुसऱ्याच्या मशीनवर कायले ठेवायचे? मला हे फार आवडलं.

संध्याकाळी आईला फोन केला. काचबिंदूनं तिची नजर गेली तेव्हापासून तिच्यासाठी मी म्हणजे आवाजच. शेजारची कोकिळा तिच्याकडे लक्ष ठेवते, पण रोज फोनवर एक गोष्ट वाचून दाखवायची, हे माझ्याकडे.

६ नोव्हेंबर

वहीएवढी तीन मशीन लावून झाली: एक इथं, एक मुकुटबनला, एक केळापूरला. प्रत्येक रेकॉर्डिंगची प्रत तिन्हीकडे जाते. एका गावची लाइट गेली तरी बाकीची दोन आहेत. आणि लाइट तर जाणारच.

लखनला समजावताना नाकी नऊ आले. यात फोल्डर नसतात रे बाबा. प्रत्येक वस्तूला एक किल्ली, म्हणजे तिचं नाव. किल्ली दिली की अख्खी वस्तू हातात येते. ठेवलेलं मधूनच बदलता येत नाही. त्याच किल्लीवर दुसरं काही ठेवलं, तरच पहिलं निघतं. नुसतं पुसायची सोय मी मुद्दाम बंद केली आहे, चुकून कुणाचं गाणं जायला नको. रेकॉर्डिंगच्या फोनमध्ये जागा कमी, म्हणून एक नियम लिहिला: तिन्ही प्रती पोचल्या की मूळ काढून टाकायचं.

चाचणीला बाबूसिंगच्या कोंबड्याचं आरवणं चढवलं. बाबूसिंग म्हणजे शेजारी, आमच्या भिंतीला भिंत. सगळं झकास चाललं. स्वतःवरच खूश होऊन दोन वेळा चहा केला.

८ नोव्हेंबर

बाबूसिंगचा कोंबडा आरवायचा बंद झालाय. मान ताणतो, चोच उघडतो आणि काहीच नाही. बाबूसिंग म्हणाला, तुमच्या मशीनची नजर लागली. आम्ही खूप हसलो.

आज काकूंचा ढावलो घेतला. लेक सासरी निघाली की तिच्या गळ्यात पडून रडत गातात ते गाणं. काकूंनी मला समोर बसवलं, माझ्या खांद्यांवर हात ठेवले आणि गायल्या. मला रडू आवरेना. लगेच चढवलं. तिन्हीकडे पोचलं.

त्यानंतर काकूंनी पाणी मागितलं ते खुणेनं. गळा बसला असेल.

१० नोव्हेंबर

काकूंना बोलता येत नाही. यवतमाळच्या डॉक्टरनं तपासलं, गळा स्वच्छ आहे म्हणाला. काकू लखनकडे बघून तोंड हलवत राहतात. जेवायची हाक आता ताट वाजवून येते.

कोंबडा अजून मुका आहे. मला ते दोन्ही एकत्र आठवायचं नाही, तरी आठवतं.

१२ नोव्हेंबर

सर्व्हरवरून ढावलो लावला. गाणं संपलं, पण आवाज थांबला नाही. त्यातूनच काकू मला म्हणाल्या, मोनाली, येथी कोनीच नाही वो, मले घेऊन चाल.

हे आम्ही रेकॉर्ड केलेलं नाही.

मूळ काढून टाकायचं, हे मी फोनसाठी लिहिलं होतं. फोनसाठीच.

लखनला ऐकवलं. तो लहान पोरासारखा रडला. मग त्यानं विचारलं, त्याच किल्लीवर दुसरं ठेवलं तर पहिलं निघते म्हनली होती तू, ते कसं करतात? मी त्याच्या पाठीवर हात ठेवून पुन्हा सगळं शिकवलं.

१४ नोव्हेंबर

सकाळी कोंबडा आरवला! बाबूसिंगनं गूळ वाटला. मी गूळ तोंडात टाकला आणि त्याचा कुत्रा दिसला. मोटारसायकलमागे धावत होता, जबडा उघडत-मिटत होता, भुंकणं नव्हतं.

लखनला धरलं. त्यानं कबूल केलं, कोंबड्याच्या किल्लीवर कुत्रा ठेवून पाहिला. मग काकूंसाठीही बकरी ठेव म्हटलं. तर म्हणाला, ठेवली होती, नाही जमलं, मानसाच्या जागी मानूसच लागते. मी स्पष्ट सांगितलं, मग कुणालाही ठेवायचं नाही, दुसरा उपाय शोधू, तोवर सगळं बंद. तो हो म्हणाला. मला जवळ घेऊन म्हणाला, तू नसती तर माह्यं काय झालं असतं.

उद्या घरी जाऊन येईन म्हणते. आता आईशी बोलले. गोष्ट लांबली, ती मध्येच हसत होती. रेकॉर्डिंगचा फोन माझ्या फळीवर ठेवलाय. चार्जिंगला लावला असेल लखननं.

१५ नोव्हेंबर

आवाज नाही.

ओरडून पाहिलं. नुसती हवा.

खाली काकू गात आहेत. ढावलो. अख्खा, पहिल्यासारखा. खाली धावत गेले. मला बघताच त्या थांबल्या. तोंडावर पदर घेतला. त्यांना माहीत नव्हतं, एवढं नक्की.

सर्व्हर उघडायला गेले. माझा पासवर्ड चालत नाही. मी उभा केलेला सर्व्हर, मलाच दार बंद.

लखनच्या अंगावर धावून गेले. त्यानं मार खाल्ला. म्हणाला, याडी हाय माही, मी काय करू. म्हणाला, तुह्या मायचं टेन्शन घेऊ नको, तिले रोज फोन जाईन, तिले कमी वाटू देनार नाही.

हे त्यानं समजूत काढायला सांगितलं. माझी समजूत!

ज्याला हातात हात घेऊन शिकवलं, त्यानंच. गळा दाबला असता तरी इतकं लागलं नसतं. निघते आहे. आई हात लावून तरी ओळखेल—

१६ नोव्हेंबर, दारव्हा

आमच्याच ओट्यावर बसले आहे. कोकिळाच्या दाराला कुलूप. कापूस वेचायला गेली असेल.

कडी वाजवली. आईनं दार अर्धं उघडलं. विचारलं, कोन हाय? मी तिचा हात धरला. तिनं दचकून सोडवला.

दुसऱ्या हातात फोन होता. फोनमधून मी गोष्ट वाचत होते—

आई फोनला म्हणाली, मोना, दारात कोनतरी हाय, हात धरून राह्यलं, बोलत काहून नाही?

मी म्हणाले— मी नाही, ती— माझ्याच आवाजात, माझ्याच काळजीनं— आई, दार लाव.

आईनं लावलं.

दार बडवते आहे. आत आई घाबरली, मला हाका मारते आहे. मला! मोना, लवकर ये वो, मोना—

आणि आतून माझा आवाज म्हणतो, भिऊ नको आई, मी आहे ना.

मी इथं आहे. आई, मी इथं—