कुकरच्या खोक्यांमागचा गेम

भाविका,

मी अलिबागला पोलीस ठाण्यात चाललोय. ते दारात आले तर आळीभर तमाशा होईल, म्हणून आपणच जातो.

मॉलमधला तो गाड्यांचा व्हिडिओ गेम आठवतो? सेलमध्ये भाव अजून उतरेल म्हणून मी तो कुकरच्या खोक्यांमागे दडवला, तेव्हा तू हसली होतीस. आज भाव निम्म्यावर आला आणि गेम एका माणसाच्या हातात! म्हटलं, हा माझा हाय. तो म्हणाला, "तुझं नाव हाय का यावर?" माझं डोकं फिरलं की कसं होतं ते तुला ठाऊक हाय. तिथलाच कुकर उचलून त्याच्या तोंडावर हाणला. दात फरशीवर सांडले, तरी हाणतच होतो. चौघांनी मला ओढून काढलं, तसा पळालो.

पळताना पाहिलं, गेमची डबी उघडी पडली होती. आत काहीच न्हाय. चोरी होऊ नये म्हणून मांडणीवर रिकाम्या डब्या ठेवतात, सीडी काउंटरवर देतात म्हणे.

बोंबलाचं कालवण झाकून ठेवलंय. भात तेवढा लाव.

मी आज येणार न्हाय. रोज माझ्या भीतीनं आतल्या खोलीला कडी लावतेस, आज न लावता झोप.

जीवन