ताईच्या खोलीचे पैसे

४ मार्च

चि. चिमीस,
अ. उ. आ.

पत्र नेहमीसारखंच तुझ्या दातांच्या दवाखान्याच्या पत्त्यावर टाकते आहे. डॉक्टरीणबाई ते कवळ्यांच्या पार्सलांबरोबर तुझ्या टेबलावर ठेवतील, तेव्हा आधी घोटभर पाणी पी आणि मग फोड. बातमी वाईट नाही. पण मलाच अजून धक्का बसलेला आहे, तर तुलाही बसणार.

मी खोली घेतली! म्हणजे घेतल्यातच जमा. चष्म्याच्या दुकानावरची, मागच्या जिन्याने जायची. दुकानवाल्या बाई पडदे शिवायला टाकायला आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या की वरचा भाडेकरू गेला, आता कुणीतरी शांत माणूस मिळालं तर बरं. माझ्या तोंडून निघूनच गेलं की मी येते. बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मीही इकडेतिकडे बघितलं, की हे बोललं कोण! दुसऱ्या दिवशी जाऊन खोली पाहून आले. रस्त्याकडे खिडकी आहे, मशीन तिच्याखाली बसेल. ओटा माझ्या उंचीला बरोबर आहे. अनामत महिनाअखेरीच्या आत भरायची, नाहीतर त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.

तुला काय सांगायचं, इथे पुढच्या खोलीतल्या दिवाणावर झोपायचं म्हणजे शेवटचा माणूस टीव्ही बंद करेपर्यंत बसून राहायचं आणि पहिला माणूस चपला शोधायला आला की उठायचं. लेक वाईट नाही. सूनही तोंडावर गोडच बोलते. पण माझ्या हाती चार पैसे दिसले की घरात लगेच काहीतरी मोडतं. कधी गाडीचं इंजिन, कधी दुकानाचं शटर. माझं पासबुक माझ्याआधी तोच उघडतो. म्हणून तर शिवणाचे पैसे नऊ वर्षं तुझ्या खात्यात पाठवत आले. आता ते सगळे काढ आणि पाठवून दे. कसे पाठवायचे ते तूच ठरव, फक्त फोन करू नकोस. फोन पुढच्या खोलीत असतो आणि कान घरभर.

तुझ्या नवऱ्याला, आपल्या काटेकोररावांना, मात्र अजूनही काही बोलू नकोस. वजनकाटे दुरुस्त करून करून तो माणूस इतका सरळ झाला आहे की माझ्या लेकाने विचारलं तर पैन् पैचा हिशोब त्याच्या हातात देईल. भाचीला पापा.

तुझ्यावर जीव आहेच, तो असाच राहील.
तुझी ताई


९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू ते सुचत नाही, म्हणून आधी लिहूनच टाकते. खात्यात पैसे नाहीत, ताई. तुझेही नाहीत आणि माझेही नाहीत.

तुझं पत्र मिळालं त्याच्या आदल्या दिवशी माझा वाढदिवस झाला. जेवताना ह्यांनी माझ्या ताटाशेजारी एक पाकीट ठेवलं. तुला ठाऊक आहे, हा माणूस मला कधी काही अचानक आणून देत नाही. आधी काय हवं ते विचारतो, मग तीन दुकानांत भाव काढतो, आणि तोवर मीच नको म्हणते. म्हणून पाकीट पाहून लेक आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो. आत बँकेचं पत्र होतं. घराचं कर्ज फिटलं. मुदतीच्या सहा वर्षं आधी!

आमच्या घरात पगाराच्या दिवशी पैशांची पाकिटं भरली जातात हे तू पाहिलं आहेस. भाजी, वीज, फी, औषध आणि मौज. त्यातलं मौजेचं पाकीट महिनाअखेरीला न फोडता कर्जात जातं. लेकीच्या दोन सहली त्यात गेल्या, माझा नवा चष्मा गेला, तुझ्याकडे येण्याचं तिकीट तर कितीदा गेलं. त्यामुळे पत्र वाचून लेक खुर्चीवर उभी राहून ओरडायला लागली. मलाही क्षणभर रडू आलं. पण मनातल्या मनात आकडे जुळवले ते जुळेनात. मी विचारलं की एवढी रक्कम आली कुठून.

हे हसले, ताई. दात दिसतील असे हसले. म्हणाले की निम्मं कर्ज तर तूच फेडलंस. तुझ्या जादा पाळ्यांचे साठवलेले पैसे तू कधी लुगड्याला लावले नाहीस की दागिन्याला, तुझ्यासारखी बायको मिळायला नशीब लागतं. तुला दिलेल्या शब्दापायी मी इतकी वर्षं त्यांना जादा पाळ्यांचंच सांगत आले होते ना! कर्ज घेताना बँकेने माझ्या खात्याला ह्यांचंही नाव लावायला लावलं होतं, ते मी साफ विसरले होते. त्यांनीही त्या खात्याला आजवर हात लावला नव्हता. या महिन्यात एकरकमी फेडलं तर बँक वरचं शुल्क माफ करणार होती, म्हणून लावला.

मी हसले. पत्राची घडी घालून पाकिटात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. लेकीला वाटलं की आई आनंदाने गांगरली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तुझं पत्र फोडलं. डॉक्टरीणबाईंनी पेशंट बाहेर थांबवून मला पाणी पाजलं.

आता रोज हे कामावरून आल्यावर भिंतीवरून हात फिरवतात आणि म्हणतात की ही आता आपली. मला तिकडे बघवत नाही. मी काय करू ते सांग. ओरड, पण सांग.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, एवढंच मागते.
तुझी चिमी


१४ मार्च

चि. चिमीस,
अ. आ.

पत्र आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. मजकूर काही बदलला नाही.

ओरड म्हणालीस, तर ओरडले. मनातल्या मनात दुपारभर तुला आणि तुझ्या नवऱ्याला जे काही बोलले ते कागदावर येण्यासारखं नाही. आपल्या खात्यावर कुणाचं नाव आहे एवढंही लक्षात राहू नये? डोळ्यांत तेल घालून शिवलेले पैसे होते ते! त्या संतापात इस्पितळातून शिवायला आलेल्या एका नर्सच्या अंगरख्याला दोन्ही बाह्या डाव्या बाजूच्याच लावल्या. तिने घालून पाहिला तेव्हा कळलं. बिचारी हसली, मला हसता आलं नाही.

आणि आणखी ऐक. मी घरात सांगून बसले आहे. तुझं पत्र येण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे जेवत असताना सांगितलं की पुढच्या महिन्यापासून मी चष्म्याच्या दुकानावर राहणार. मला वाटलं लेक नको म्हणेल. निदान का, असं तरी विचारेल. त्याने विचारलं की अनामतीला पैसे कुठून आणलेस. बस, एवढंच. सून उठून आत गेली आणि टेप घेऊन आली. माझ्याच शिवणाच्या डब्यातली टेप. दिवाणाच्या जागेचं माप घेतलं, तिथे आता नातवाचं टेबल बसणार आहे. टेबलाची आगाऊ रक्कमही देऊन झाली. मी हातातलं भांडं खाली ठेवायला विसरले.

आता कोणत्या तोंडाने सांगू की मी जात नाही? जायला पैसे नाहीत आणि राहायला जागा नाही. काल खोली पुन्हा एकदा खालूनच बघून आले. बाईंनी खिडक्या धुवून घेतल्या आहेत.

तरी काटेकोररावांना सांगू नकोस. तो माणूस आयुष्यात एकदा हसला आहे. चूक त्यांची नाही आणि तुझीही नाही. आजच्या दिवस तरी असं म्हणते, उद्याचं सांगता येत नाही. चष्मेवाल्या बाईंना महिना संपायच्या आत नाही म्हणून कळवेन.

राग ओसरला की माया वर येईल, तोवर वाट बघ.
ताई


२३ मार्च

ती. ताईंना,
कृ. सा. न. वि. वि.

लग्नानंतर मी आपणांस प्रथमच पत्र लिहीत आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

आपले १४ तारखेचे पत्र हिने माझ्यासमोर ठेवले. आपण नको म्हटले होते, तरी तिला राहवले नाही. मी त्या वेळी दाढी करत होतो. पत्र वाचले, आणि त्यानंतर काय झाले ते मला नीट आठवत नाही. अर्धी दाढी तशीच ठेवून मी कामावर गेलो, असे तिथल्या लोकांनी मला सांगितले.

दुकानदाराच्या काट्यात थोडा जरी फरक निघाला तरी मी तो काटा बंद ठेवायला लावतो. लोक हात जोडतात, उद्या करून घेतो म्हणतात, मी ऐकत नाही. आणि मी स्वतः दुसऱ्याचे पैसे उचलून आपल्या घरात घातले आणि वर जेवणाच्या वेळी भाषण केले.

हिच्यावर मी रागावलो, हे लपवत नाही. इतकी वर्षे एका ताटात जेवून तिने मला सांगू नये, याचे फार वाईट वाटले. दोन दिवस तिने दिलेला डबा तसाच परत आणला. नंतर स्वतःलाच विचारले की तिने सांगितले असते तर मी काय केले असते? मी म्हणालो असतो की ताईंचे पैसे नुसते पडून आहेत, तूर्त कर्जात घालू, व्याज वाचेल, पुढे देऊन टाकू. आणि ते पुढे कधी आले असते कोण जाणे. म्हणजे आपल्या चिरंजिवांत आणि माझ्यात फरक तो काय? हिने माझ्यापासून पैसे लपवले ते बरोबर केले.

परवा बँकेत गेलो. घराचे कागद न्यायला आलो असे समजून साहेबांनी ते पुढे ठेवले, चहा मागवला, अभिनंदन केले. मी म्हणालो की घर पुन्हा तारण ठेवायचे आहे. त्यांना ऐकू आले नाही असे वाटून मी मोठ्याने म्हणालो, तेव्हा आजूबाजूच्या टेबलांवरचे लोकही वळून पाहू लागले. मुदतीच्या सहा वर्षे आधी कर्ज फेडून दहा-पंधरा दिवसांत परत आलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मला बरे वाटत नाही का, असेही त्यांनी हळूच विचारले. घराचे कागद माझ्या हातात चहा संपेपर्यंत राहिले.

मंजुरीला पुढचा महिना उजाडेल. तोवर आपली खोली जाईल, म्हणून मालकांकडे पगाराची उचल मागितली. आजवर कधी मागितली नव्हती. त्यांना वाटले घरात कोणी गेले, आणि ते मला धीर देऊ लागले. सोबत अनामतीचा ड्राफ्ट आहे. तो आपल्या नावाने नाही, चष्म्याच्या दुकानाच्या नावाने काढला आहे, म्हणजे आपल्या पासबुकात त्याची नोंद येणार नाही. बाकीची रक्कम व्याजासह मागाहून येईल. ती कुठे ठेवायची ते आपण ठरवावे, मला न सांगितले तरी चालेल.

या वेळी कर्ज मुदतीआधी फेडायचे नाही, असे घरात ठरले. हप्ता त्याच्या चालीने जाईल. मौजेचे पाकीट मी लेकीच्या हातात दिले आणि महिनाअखेरीपर्यंत ते रिकामे झाले पाहिजे असे सांगितले. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले.

चष्मेवाल्या बाईंना अद्याप नाही म्हटले नसेल तर म्हणू नये. म्हटले असेल तर आजच जाऊन हो म्हणावे.

पूर्वी जो जिव्हाळा होता तो मिळावा अशी अपेक्षा नाही, पण अगदीच काढून घेऊ नये.
आपला नम्र,
ज्याला आपण काटेकोरराव म्हणता तो


६ एप्रिल

चि. चिमीस व काटेकोररावांस,
अ. उ. आ.

हे पत्र दोघांनी मिळून वाचायचं, आणि ते घराच्या पत्त्यावर टाकलं आहे हे आधी पाहून घ्या.

ड्राफ्ट आला तेव्हा मी नाही म्हणायला निघालेच होते. पायात चपला होत्या, पोस्टमन जिन्यात भेटला. पत्र वाचून मी जिन्यातच बसले. काटेकोरराव, तुम्ही भले गृहस्थ आहात, पण असं करतं का कुणी? घर सोडवलं काय, पुन्हा अडकवलं काय! मला जिन्यात बसलेली पाहून सून आली. तिला म्हटलं चक्कर आली होती. खोटंही नव्हतं ते. मग तशीच चष्म्याच्या दुकानात गेले आणि ड्राफ्ट काउंटरवर ठेवला.

व्याज मी घेणार आहे. आधी नको लिहिणार होते, मोठी बहीण म्हणून तसंच लिहायला हवं. मग म्हटलं, का नको? पैसे माझे होते, राबले तुमच्याकडे. आलेलं सगळं इथल्याच एका बँकेत माझ्या एकटीच्या नावाने ठेवणार. तुम्ही दोघांनी मौजेच्या पाकिटातून तिकीट काढा आणि लेकीला घेऊन या. तिघांना झोपायला जागा पुरेल, मी मोजून पाहिली.

एक तारखेला राहायला आले. लेकाने दिवाण वर चढवून दिला, मशीन चढवलं, घाम पुसला आणि गेला. त्यानंतर तीन-चार दिवस तिकडून कुणी फिरकलं नाही. वाईट वाटलं. वाटणार नाही का? खोली हवी होती म्हणून माणसं नको होती असं नव्हे.

काल दुपारी अंगरख्यांचा गठ्ठा घेऊन मशीनवर बसले होते. दार वाजलं. मला वाटलं खाली दुकानात काहीतरी आपटलं, मी शिवत राहिले. पुन्हा वाजलं तेव्हा दचकले, कारण माझ्याकडे यायला आजवर कुणाला दार वाजवावं लागलेलं नव्हतं. आतूनच विचारलं की कोण आहे. लेकाचा आवाज आला. आत येऊ का, असं विचारत होता.

चिमे, या पोराला मी जन्म दिला, आणि हा प्रश्न त्याने मला उभ्या आयुष्यात विचारला नव्हता. माझे पाय मशीनच्या पायट्यावर तसेच राहिले. मग मी त्याला म्हटलं, थांब. दोरा तोडला. गिऱ्हाइकाचे आलेले पैसे टेबलावर पडले होते ते डब्यात टाकले, डबा फळीवर मागे सारला. केस सारखे केले. मुद्दाम सावकाश केलं हे सगळं, आणि कान दाराकडे लावून ठेवले होते, की आता कडी हलवेल, आता हाक मारेल, आता निघून जाईल.

दार उघडलं तर तो तिथेच उभा होता.

तिघांनाही भरभरून आशीर्वाद. आपल्यातलं प्रेम कुठल्याही खात्यात न टाकता असंच वापरत राहू या.
तुमची ताई