पाचशे तेरावा गोल

यॉर्कटन, कॅनडा, ११ मार्च १९७९

चि. ऑरेस्टास अनेक आशीर्वाद.

तुझ्या मॅनेजरचा फोन आला. पाचशे तेरा! आइस हॉकीच्या खालच्या लीगमध्ये एवढे गोल आजवर कुणाचेच नाहीत म्हणे. बाबांना सांगितलं, तर अर्धांगानंतर चालतो तो एक हात गादीवर आपटत राहिले. पादरीबाबांनी प्रवचनात तुझं नाव घेतलं. लहानपणी चर्चची काच फोडलीस म्हणून त्यांनीच तुला हाकललं होतं.

आता शब्द पाळ. विक्रम झाला की मोसम संपताच घरी येतो, असं तीन वर्षं लिहितो आहेस. बाबांना दिवसातून चार वेळा मी एकटी उचलते. पाठ बोलायला लागली आहे. वरच्या लीगनं सतरा वर्षांत बोलावलं नाही, ती आता अडतिसाव्या वर्षी काय बोलावणार? उरले असतील तेवढे दात घेऊन ये.

तुझी
डार्काताई

ओहायो, १८ मार्च

ती. डार्काताईस शि. सा. न. वि. वि.

मॅनेजरनं घाई केली. तो गोल माझा नव्हता. मी मारलेली चकती जाळ्यात जाण्याआधी आमच्याच संघातल्या ल्यूसियेनच्या स्टिकला घासून गेली. शेवटचा स्पर्श ज्याचा, गोल त्याचा. हे बाबांनीच शिकवलं. सगळे माझ्या अंगावर पडले, तेव्हा ल्यूसियेन बाजूला उभा राहून तीच स्टिक बर्फावर आपटत माझं कौतुक करत होता. वर्षभरात त्याचा एकही गोल नाही. आठवडाभर मी गप्प बसलो, मग जाऊन नोंद बदलायला लावली. आता पाचशे बारा. जुन्या विक्रमाची फक्त बरोबरी.

मोसम काल संपला. गुडघे सुजलेत, बसमध्ये डोळा लागत नाही, बर्फ नकोसा झालाय. तरी मॅनेजर म्हणतो, ऑक्टोबरात पहिल्याच सामन्यात होईल. ताई, एका गोलासाठी आणखी एक वर्ष देशील का?

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझा
ऑरेस्ट

यॉर्कटन, २६ मार्च

चि. ऑरेस्टास आशीर्वाद.

पत्र बाबांना वाचून दाखवलं. त्यांचे डोळे भरून आले. मलाही अभिमान वाटला, नाही कशाला म्हणू? मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. खरं तू बोललास, आणि त्यापायी वर्ष मी काढायचं. वर मलाच विचारतोस, म्हणजे नाही म्हटल्याचं खापरही माझ्याच माथी. ते मी घेणार नाही.

परवा बाबांना उचलताना आम्ही दोघंही पडलो. शेजारीण येईपर्यंत अर्धा तास जमिनीवरच होतो. बाबा हसत होते. मला हसू येईना.

तुला काय करायचं ते कर.

डार्का

ओहायो, २ एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

मॅनेजरला नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बरोबरी कुणाच्या लक्षात राहत नाही. मी म्हटलं, नाही तर नाही. स्टिका ल्यूसियेनला देऊन टाकल्या.

शुक्रवारच्या बसनं निघतो. बाबांना उचलताना आधी काखेत हात घालायचा की गुडघ्याखाली, ते आल्याबरोबर दाखव. मला ते येत नाही.

तुझा
ऑरेस्ट