बिनहळदीचं पापलेट

लालबाग, बुधवार संध्याकाळ

मासा नुसत्या पाण्यात शिजवायचा, म्हणे! ह्यांच्या कुशीतली गोळी काढलीय, कालच घरी आणलंय. तेल, तिखट, हळद काही नको, डॉक्टरांनी बजावलंय. पहिलं पापलेट पाणी खळखळल्यामुळे फुटलं. दुसऱ्या वेळी स्टोव्ह बारीक ठेवला, तेव्हा जमलं. पण पांढरंफटक. हळदच नाही ना.

ताट बघून हे हसले. "हळद नाय, फोडणी नाय. सुतकातला जेवण कित्याक केलंस गो? कोण गेला?"

काय सांगू? मोर्चावरच्या गोळीबारात ह्यांच्या शेजारी उभा असलेला बाळा जागच्या जागी गेला. समोरच्याच खोलीत त्याच्या बायकोकडे आज नववा दिवस, तिथेही हळदीशिवाय शिजतंय. टाके सुकेपर्यंत ह्यांना कळू द्यायचं नाही, असं सगळ्या चाळीने ठरवलंय.

"बाळ्याक हाक मार. बघूंदे, मी काय गिळतंय ता."

मी उठून गॅलरीत गेले, उभी राहिले, परत आले. गिरणीत पाळीवर गेलाय, म्हटलं. इतकं सरळ खोटं मला कधीपासून बोलता यायला लागलं?

"मग त्याका एक तुकडी ठेव."

ठेवलीय झाकून. तशीच, बिनहळदीची.