शुक्रवारची मशीन

अहो,

बकुळाला घेऊन अंबाडीला आईकडे चाललेय. डाळभात झाकून ठेवलाय, जेवून औषध घ्या.

राहनाळच्या गोदामात तुमच्यावर गोळी झाडली, तेव्हापासून शेजारच्या पॉवरलूमची खडखड चालू असेल तरच तुमचा डोळा लागतो. शुक्रवारी लूम बंद, म्हणून मी तुमच्या उशाशी रिकामी शिलाई मशीन चालवत बसायचे. पायांना गोळे यायचे, तरी चालवायचे.

परवा पोरीच्या हातून फुगा फुटला आणि तुम्ही तिला भिंतीवर आपटलंत. तुमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, धीर धरा. त्यांची पोरगी आपटा, मग बघू.

आज शुक्रवार आहे आणि मशीन मी नेतेय. तुमची चाहूल लागली तरी बकुळा दचकून उठते. आता मशीन चालू असल्याशिवाय तिलाही झोप येत नाही.

संघरत्ना