दक्षाचा उजवा हात

सायवन, ता. १२ नोव्हेंबर २०१७

चि. दक्षा हिला आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पहिला आला तो लहान्या. भात झोडून मी अंगावरचा भुसा झटकत होते, तर हा अंगणात उभा, धुतलेला सदरा, केसांना तेल. मी तेव्हाच ओळखलं. भात घरात आलं की लहान्या कोणाच्या अंगणात उगाच येत नाही. गेल्या वर्षी एकट्याने चार लग्नं जमवली त्याने. मागून एक तरुण माणूस आणि एक बाई. हा नवीन लागलेला मास्तर आहे, हे लहान्या अशा ऐटीत म्हणाला, जसं काही त्यानेच त्याला शिकवलं. बाई त्याची बहीण असावी, नाकडोळा जुळत नव्हता, पण असो.

बसवलं, गुळाचा चहा दिला. बाई विचारू लागली, दक्षाचं वय काय, जन्माचा दाखला घरी आहे का, आईबाप कुठे. मी सांगितलं, बोर्डीला चिकूच्या वाडीत कामाला आहेत, तिथेच राहतात, पोरीचं सगळं माझ्याकडे. मग मास्तर म्हणतो, तिला लांब पाठवायची तयारी आहे का, दुसऱ्या राज्यात. तिथे माझं डोकं फिरलं. सोळा वर्षांची पोर, आणि हे परमुलखात न्यायला निघाले. तो पिशवीतून कागद काढत होता, तो मी बाहेर येऊच दिला नाही. म्हटलं, कुठे पाठवता, पोरीचा उजवा हात कामातून गेलाय. खांद्यात कळ येते, हंडा उचलत नाही, भाकरी थापत नाही, झोपायच्या वेळी सुजतो. आणि पोरगी अशी लबाड की शाळेत कोणाला कळू देत नाही.

मास्तरचं तोंड एवढंसं झालं. बाईने सगळं वहीत लिहून घेतलं. मुलगी बघायला येऊन वहीत लिहिणारे मी पहिलेच पाहिले. चहा अर्धा टाकून गेले. मी दोन दिवस खुशीत आहे. तू निवांत शीक, इथे मी बसले आहे.

आता तुमच्या बेसबॉलच्या संघाचं. उमेश सरांची बदली झाली, नवे सर आले, हे वाचून मला चैन नाही. सुट्टीत सगळं उलटंपालटं करून ठेवलंय तुम्ही. कॅचर होती ती काळी दहावी होऊन गेली ते जाऊ दे, शाळा काही तिला जन्मभर ठेवणार नव्हती. पण कॅचरच्या जागी संगिता? चेंडू आला की ती डोळे मिटते, तलासरीच्या मैदानावर मी स्वतः पाहिलंय. आणि कॅप्टन तुला केलं नाही म्हणून रडू नकोस. माझ्या मते कॅप्टन कॅचरनेच व्हावं. सगळ्या पोरी तिच्या समोर असतात, कोण कुठे पेंगतेय ते तिला एकटीला दिसतं. तू आपली चेंडू टाक. नव्या सरांना म्हणावं, चेंडू टाकणारीला, पिचरला मात्र हात लावू नका.

हे पत्र जीपवाल्या धाकल्याच्या हाती देते आहे. उत्तरही त्याच्याकडेच दे.

माया आहे तशी राहू दे.
तुझी आजी, सोनीबाई

---

तलासरी, ता. १६ नोव्हेंबर २०१७

ती. आजीस दक्षाचा नमस्कार. वि. वि.

आजी, ते मला बघायला आले नव्हते. ते आमचे नवे मनिष सर होते. आणि त्या त्यांच्या बहीण नाहीत, वसतिगृहाच्या पुष्पा मॅडम आहेत. लहान्याकाकाला त्यांनी फाट्यावर फक्त आपलं घर विचारलं, तर तो पुढे होऊन चालायला लागला. कागद होता तो बेसबॉलच्या शिबिराचा. दोन महिने हैदराबादला. आमच्या शाळेतून एकीलाच पाठवायचं आहे, आणि सरांनी माझं नाव काढलं होतं. त्यासाठी घरची सही हवी होती आणि मुलीला काही दुखणं नाही असं घरच्यांनी सांगायचं होतं. तू काय सांगितलंस ते तुला माहीत आहे.

सरांनी मला पिचरवरून काढलं. आता माझ्या जागी संघातली नवशी टाकते, आणि शिबिराच्या कागदावरही तिचंच नाव लिहिणार आहेत. मी सरांना म्हटलं, माझा हात बरा आहे. ते म्हणाले, तुझी आजी म्हणालीच होती तू लपवतेस. मी जोरात टाकून दाखवलं तर म्हणाले, थांब, अशानेच खांदा कायमचा जातो. डॉक्टरांनीही बघितलं, बरा आहे म्हणाले. सर म्हणतात, झोपायच्या वेळी सुजतो ते डॉक्टरांना सकाळी दहाला कसं दिसणार. ते रागावलेले नाहीत, काळजीने बोलतात, त्यामुळे मला भांडताही येत नाही. मैदानाच्या कडेला बसून चेंडू मोजते.

शिबिराची यादी शनिवारी, पंचवीस तारखेला जाईल. त्यानंतर काही होणार नाही.

मुली मला भाकरी न थापणारी म्हणून चिडवतात. तेवढं एकच तू खरं सांगितलंस.

रागावले आहे, तरी लोभ कमी केलेला नाही.
तुझी दक्षा

---

सायवन, ता. २१ नोव्हेंबर २०१७

चि. दक्षा हिला आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र बोट ठेवून तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर चूल तशीच टाकून लहान्याकडे गेले. त्याला म्हटलं, मेल्या, लग्नाचं नव्हतं तर तेल कशाला लावून आलास. तो म्हणतो, मास्तर बरोबर होते, मग काय तसाच येऊ. लग्न हा शब्द मी काढला का, सोनीबाय, तूच सांग. नव्हता काढला. कोणीच नव्हता काढला.

मग त्यालाच घेऊन टेकडीवर चढले, फोनला रेंज तिथेच मिळते. सरांना सगळं सांगितलं, की मला वाटलं तुम्ही सोयरीक आणली, म्हणून मी पोरीचा हात मोडून ठेवला. ते म्हणाले, आजी, तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता, हे मी कसं ठरवू? आता शिबिराची गोष्ट कळली म्हणून दुखणं झाकत असाल. उद्या पोरीचा खांदा गेला तर मी कोणाला तोंड दाखवू? दक्षा, माणूस चांगला आहे ग. वाईट असता तर दोन शब्द सुनावले असते.

फोन ठेवतील म्हणून मी भीतीने बोलतच सुटले. म्हटलं, सर, नवशीला पाठवा, तीही आमचीच पोर. पण बेसवर समोरच्या संघाची कोणी उभी असली की तिचा चेंडू वर जातो, हे तुम्ही नवे म्हणून तुम्हाला माहीत नसेल. संगिताला कॅचर ठेवायची तर आधी महिनाभर कोणाला बॅट धरू देऊ नका समोर, नुसते चेंडू झेलू दे, डोळे आपोआप उघडतील. आणि जानेवारीत शेवटच्या सामन्यात दक्षा दमली तेव्हा तिचं कोपर खाली आलं होतं. मी काठावरून ओरडले, पण उमेश सरांनी ऐकलं नाही, आणि तिथेच आपण हरलो. दमली होती, दुखत नव्हतं. दुखलं की ती खालचा ओठ चावते, लहानपणापासून. त्या दिवशी चावला नव्हता.

सरांनी विचारलं, कोपर खाली आलं हे तुम्हाला काठावरून दिसलं? म्हटलं, मग काय मी तिथे शेंगा खायला आले होते? ते हसले. पण लगेच हसू आवरून म्हणाले, ओठाचं मला कोणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः तिला टाकायला लावून बघतो. शंभर चेंडू. आणि तुमचं म्हणणं पोलीस पाटलासमोर लिहून द्यावं लागेल, सहीही तेव्हाच. ओठ चावला तर मी सही असली तरी नेणार नाही. मी कबूल केलं. तू त्यांच्यासमोर ओठाला मुद्दाम सांभाळू नकोस. खरंच दुखलं तर चाव.

आता माझं ऐक. टेकडी उतरताना मला दुसरंच सुचलं. सोयरीक म्हणून मी तुला जाऊ दिलं नाही, आणि आता स्वतःच्या हाताने सही करून त्याच परमुलखात पाठवायची आहे. दोन महिने. तिथे तुला भात मिळेल का, कोणाशी बोलशील, मला काही ठाऊक नाही. काल दुपारभर कागदावर माझं नाव लिहून बघितलं. पहिली चार वाकडी आली, पाचवं बरं आलं. तुझ्या आईला निरोप धाडला आहे, ती नाही म्हणाली तर तिच्याशी मी बोलेन.

सही मी करीन. सर, पुष्पा मॅडम आणि तू, तिघं जीपने शुक्रवारी, चोवीस तारखेला, दुपारच्या आत येतो म्हणाले आहेत.

आशीर्वाद आहेतच, लोभ तुझ्याकडून हवा.
तुझी आजी, सोनीबाई